फिजिक्सचे फुकटचे तीस गुण



बारावीचा निकाल लागला की भौतिकशास्त्राचा पेपर किती अवघड होता, कुठला प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता, सीईटीत पर्सेंटाइल का घसरलं, यावर रकानेच्या रकाने भरतात. त्याच विषयाचे 30 गुण लेखी परीक्षेच्या आधीच प्रयोगशाळेत वाटून झालेले असतात, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. लेखी 70 आणि प्रॅक्टिकल 30 ही राज्य मंडळाची विभागणी कागदावर उत्तम आहे. पण अकरावी-बारावीला बरीच वर्षं फिजिक्स शिकवल्यानंतर मी ठामपणे म्हणतो, की हे 30 गुण आज जसे दिले जातात तसे द्यायचे असतील, तर न दिलेले बरे.

चालतं काय, ते पाहा. जर्नल गेल्या वर्षीच्या मुलाकडून येतं. साध्या लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण 980 च्या आसपास यायला हवं हे सगळ्यांना पाठ असतं. म्हणून आधी उत्तर लिहायचं, मग उलट हिशेब करून वीस दोलनांचे सेकंद भरायचे. लागोपाठ तीन वेळा घेतलेल्या वेळेत एक दशांश सेकंदाचाही फरक नसतो. हाताने दाबलेल्या स्टॉपवॉचवर असं क्वचितच होतं. प्रत्येक लांबीला तसंच होत असेल, तर तो लंबक टांगलेलाच नाही. परीक्षेला बाहेरून येणारे परीक्षक शेजारच्या कॉलेजचे असतात आणि चार दिवसांनी त्यांच्या कॉलेजात आपल्या सरांना परीक्षक म्हणून जायचं असतं. कोण कोणाचे गुण कापणार?

‘इंटिग्रेटेड’ कॉलेजांत तर प्रयोगशाळेला वर्षभर कुलूप. मुलं क्लासमध्ये, नावं कॉलेजच्या हजेरीपटावर. याला आळा घालायला सरकारने 2018 मध्ये विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. क्लास आणि कॉलेजचं साटंलोटं त्यानंतरही सुखेनैव चालू आहे.

यावर पालकांचं ठरलेलं उत्तर असतं: ‘सर, प्रवेश सीईटीवर होतो, प्रॅक्टिकलला कोण विचारतं?’ त्यांचंही चूक म्हणता येत नाही. एमएचटी-सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरसुद्धा नाही. तिथे रोध मोजायच्या मीटर ब्रिजचा प्रश्न आला, तर तारेच्या दोन भागांची लांबी, समजा 40 आणि 60, एकमेकांनी भागायची, दिलेल्या रोधाने गुणायचं आणि पुढे पळायचं. गंमत अशी, की जेईई मेन आणि नीट या दोन्ही परीक्षांच्या अभ्यासक्रमात प्रायोगिक कौशल्यांचं स्वतंत्र प्रकरण आहे. व्हर्निअर, स्क्रूगेज, मीटर ब्रिज, अनुनाद नळी, सगळं त्यात आहे. आमच्याकडची मुलं ते फळ्यावरच्या चित्रावरून शिकतात. शून्य त्रुटी धन की ऋण हे ती क्षणात सांगतात. हातात खरा व्हर्निअर दिला की जबडे मिटवून शून्य तपासायचं मात्र सुचत नाही.

मीटर ब्रिज खरोखर लावला तर काय होतं? जॉकी, म्हणजे हातातला स्पर्शक, मीटरभर तारेवर घासत न्यायचा नाही, टेकवून उचलायचा. एकदा गॅल्व्हानोमीटरचा काटा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग हळूहळू तो बिंदू सापडतो जिथे काटा हलत नाही. तो पाच सेंटिमीटरवर आला, तर मिलिमीटरभर चुकीने उत्तर दोन टक्क्यांनी बदलतं. मधोमध आला, तर जेमतेम 0.4 टक्क्याने. म्हणून रोधपेटीतला रोध बदलून बिंदू मध्याजवळ आणायचा. आणि उत्तर दर वेळी वेगळं येऊ लागलं तर सूत्राला दोष न देता पेटीतले प्लग दाबून पाहायचे, एखादा हमखास ढिला निघतो. मोजमापावर किती विश्वास ठेवायचा, हा फिजिक्सचा अर्धा विषय आहे आणि तो या टेबलापाशीच कळतो.

आंतरराष्ट्रीय फिजिक्स ऑलिंपियाडमध्ये 50 पैकी 20 गुण प्रयोगाला असतात. 2015 मध्ये ती स्पर्धा मुंबईतच झाली. त्यासाठी भारतीय मुलांची तयारी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात होते. म्हणजे प्रयोगाची परीक्षा प्रामाणिकपणे कशी घ्यायची, हे शिकायला आपल्याला परदेशी जायला नको. इकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधला प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म फरक तिथे टिपायचा आहे. तिथे कामाला मराठवाड्यातली मुलं हवीत असं वाटत असेल, तर त्यांना बारावीपर्यंत निदान एक तरी रीडिंग स्वतः घेऊ द्या.

खेड्यातल्या कॉलेजांत साहित्य नाही, प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी आहे, ही तक्रार खरी आहे आणि ती सोडवायची जबाबदारी सरकारची. पण लंबकाला दोरा आणि वजन लागतं, घड्याळ प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ हे मोफत अ‍ॅप फोनच्याच सेन्सरने त्वरण आणि ध्वनी मोजतं. नडतं ते दुसरंच. आपण गुण ‘बरोबर’ उत्तराला देतो, त्यामुळे रीडिंग बनवणारा मुलगा नेहमीच पुढे राहतो.

मंडळाने एवढंच करावं. गुण उत्तराला न देता रीडिंगला द्यावेत. परीक्षेच्या टेबलावर कच्च्या रीडिंगचा कागद पेनाने भरून, खाडाखोडीसकट परीक्षकाकडे जमा व्हावा. 980 ऐवजी 940 आलं आणि मुलाने कारण नीट सांगितलं, तर त्याला पूर्ण गुण मिळावेत. परीक्षक लांबच्या तालुक्यातून यावा. लेखी पेपरातही एक सारणी द्यावी आणि तिच्यातलं कुठलं रीडिंग संशयास्पद आहे, ते का, हे विचारावं. जर्नल पाहून त्याचं उत्तर देता येणार नाही.

यामुळे पहिल्या वर्षी सरसकट मिळणाऱ्या 28-29 गुणांची रांग मोडेल, पालक ओरडतील, निकालाची टक्केवारी खाली येईल. येऊ द्या. हे सगळं करायला नवा अभ्यासक्रम लागत नाही की नवी समिती लागत नाही. प्रॅक्टिकल परीक्षा होण्याआधी मंडळाने एक परिपत्रक काढलं तरी पुरे.

आपला,
कनिष्ठ महाविद्यालयातला एक भौतिकशास्त्र शिक्षक