फोन झोपतो, पण त्याला झोपू कोण देत नाही?

गुगलने नोव्हेंबर २०२५ मध्ये अँड्रॉइड डेव्हलपर्सना एक तारीख दिली: १ मार्च २०२६. जे अ‍ॅप स्क्रीन बंद असताना फोनला विनाकारण जागं ठेवतं, त्याला त्या दिवसापासून प्ले स्टोअर शिफारशींमधून वगळू शकतं. शिवाय हे अ‍ॅप बॅटरी जास्त खाऊ शकतं, अशी सूचना त्याच्या पानावर झळकवू शकतं. मोजमाप सोपं आहे. २४ तासांत सगळे मिळून दोन तासांपेक्षा जास्त 'वेकलॉक' धरला, तर ते अति. २८ दिवसांत अशी सत्रं ५ टक्क्यांवर गेली की अ‍ॅप नापास. गाणी वाजवणं किंवा तुम्ही स्वतः सुरू केलेलं डाउनलोड, अशा कामांना सूट आहे.

हे वेकलॉक प्रकरण काय आहे, ते समजायला फोन झोपतो कसा हे आधी बघू.

पॉवर बटण दाबलं की स्क्रीन बंद होते. पण स्क्रीन बंद होणं म्हणजे झोप नव्हे. खरी झोप कर्नल लावतो, म्हणजे अँड्रॉइडच्या तळाशी असलेलं लिनक्स. आधी तो सगळी अ‍ॅप्स आहेत तिथे गोठवतो. मग एकेका उपकरणाच्या ड्रायव्हरला सांगतो, आवरा आता. टचस्क्रीन, कॅमेरा, सेन्सर, वायफाय, सगळे. शेवटी प्रोसेसर थांबतो आणि रॅम फक्त आतली माहिती टिकेल एवढ्याच विजेवर राहते.

यात क्रम फार महत्त्वाचा. गावाला जाताना आपण आधी खोल्यांतले दिवे-पंखे बंद करतो आणि मेन स्विच शेवटी. कर्नलचंही तेच. सेन्सर एखाद्या बसला जोडलेला असतो (एसटी नाही हो, चिपांना जोडणारी तार). ती बस आधी झोपली तर सेन्सरला 'झोप' हा निरोप पोचणार कसा? म्हणून आधी मूल, मग आईबाप. उठताना बरोबर उलटं.

आणि इथेच मजा आहे. मध्येच एखादा ड्रायव्हर म्हणाला, 'थांबा, माझं काम चालू आहे', तर झोप रद्द. तोवर झोपलेल्या सगळ्यांना पुन्हा उठवावं लागतं. मी ड्रायव्हरवरच काम करतो, त्यामुळे सांगतो: असा एक हट्टी ड्रायव्हर रात्रभर दर थोड्या वेळाने झोप मोडत राहिला, तर सकाळी बॅटरीचा आकडा बघवत नाही.

वेकलॉक म्हणजे हेच 'थांबा' म्हणायचा हक्क अ‍ॅप्सना देणं. अँड्रॉइडने तो सुरुवातीपासून दिला, आणि त्यावरून लिनक्सच्या दुनियेत मोठं भांडण झालं. गुगलच्या इंजिनिअर्सनी २००९ मध्ये हा कोड मूळ कर्नलमध्ये घ्यावा म्हणून पाठवला. तिथल्या मंडळींना ही कल्पनाच पटली नाही. २०१० मध्ये 'सस्पेंड ब्लॉकर' या नव्या नावाने आलेला प्रयत्नही फसला. मग पॉवर मॅनेजमेंट सांभाळणाऱ्या राफाएल विसॉकी यांनी वेगळ्या पद्धतीने तीच गरज भागवणारी रचना बांधली आणि २०१२ च्या लिनक्स ३.५ मध्ये वेकलॉकसारखी सोय अधिकृतपणे आली. विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र आजही खरा आहे: झोप मोडायचा हक्क अ‍ॅपच्या हातात दिला की बॅटरी सगळ्यात आळशी डेव्हलपरच्या भरवशावर राहते. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ मध्ये 'डोझ' आणावं लागलं ते त्यामुळेच. फोन टेबलावर स्वस्थ पडून असेल तर डोझ अ‍ॅप्सचे वेकलॉक धाब्यावर बसवतो.

म्हणून नवा नियम मला योग्य वाटतो. सबबही उरलेली नाही. मेसेज यायला प्रत्येक अ‍ॅपने जागं राहायची गरज नसते. गुगल प्ले सर्व्हिसेसचं एकच कनेक्शन सगळ्यांसाठी चालतं. निरोप आला की मोडेम प्रोसेसरला उठवतो आणि निरोप त्या अ‍ॅपकडे जातो. पण याचा अर्थ असाही, की बॅटरी वाचवायची तर गुगलच्या पाइपातूनच जा. हे मला तितकंसं रुचत नाही, पण एका कनेक्शनला दहा कनेक्शनांपेक्षा वीज कमी लागते, हे नाकारताही येत नाही.

माझी खरी तक्रार दुसरी आहे. हा नियम फक्त अ‍ॅप्सना पकडतो. ड्रायव्हर नीट झोपत नसेल, वायफायची चिप शेजारच्या प्रत्येक फालतू पॅकेटला प्रोसेसर उठवत असेल, तर दोष फोन कंपनीचा किंवा चिपवाल्यांचा. त्यांच्या खोक्यावर कोण सूचना लावणार? उलट काही कंपन्या आपली बॅटरी चांगली दिसावी म्हणून मागची अ‍ॅप्स सरळ मारून टाकतात. मग अलार्म वाजत नाही, मेसेज उशिरा येतात आणि शिव्या अ‍ॅपला पडतात. स्वस्त फोनवर तर ड्रायव्हरची दुरुस्ती ज्या अपडेटमधून यायची, ते अपडेटच लवकर बंद होतं.

तुमच्या फोनचं काय, ते दोन रात्रींत कळेल. एका रात्री फोन नेहमीसारखा ठेवा, दुसऱ्या रात्री एअरप्लेन मोडवर. दोन्ही वेळा झोपताना आणि उठल्यावर टक्के लिहून ठेवा. अलार्म एअरप्लेन मोडमध्येही वाजतो, काळजी नको. दुसऱ्या रात्री उतार बराच कमी दिसला तर संशय नेटवर्कवर आणि नेटवर्क वापरणाऱ्या अ‍ॅप्सवर. सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर, स्क्रीन बंद असतानाही वर दिसणारं नाव शोधा. दोन्ही रात्री उतार सारखाच मोठा असेल आणि त्या पानावर कुठलंच अ‍ॅप ठळक दिसत नसेल, तर गडबड बहुधा खालच्या थरात किंवा जुन्या झालेल्या बॅटरीतच आहे. तिथे 'बॅटरी सेव्हर' नावाचं आणखी एक अ‍ॅप टाकून काही होणार नाही. आधी सिस्टिम अपडेट आलंय का, ते बघा.