मैदानाबाहेरची दोन मिनिटे



भातकापणी आटोपली, की आमच्या पाली परिसरातील मोकळ्या शेतांत कबड्डीची मैदाने तयार होऊ लागतात. पाणी मारून, माती चोपून भुई घट्ट करावयाची, फक्कीने रेषा आखावयाच्या आणि रात्री दिव्यांच्या उजेडात सामने रंगवावयाचे, हा सुधागड तालुक्याचाच नव्हे, तर अवघ्या रायगड जिल्ह्याचा हिवाळी शिरस्ता आहे. आम्हा व्यापारी कुटुंबांचा मैदानाशी संबंध बहुधा देणगीपुरताच असतो. कोणी चषक देतो, कोणी गणवेश, कोणी चहापाण्याचा खर्च उचलतो. गेल्या हिवाळ्यातील अशाच एका स्पर्धेत विजेत्यांचा चषक आमच्या घरच्या पेढीने दिला होता आणि माझ्या थोरल्या बंधूंचा नातू एका संघातून खेळत होता. त्या रात्री जे घडले, ते सांगताना संकोच वाटतो. कारण त्यात नातवापेक्षा माझी चूक मोठी होती.

सामना संपावयास थोडाच अवधी उरला होता आणि आमचा संघ दोन गुणांनी पुढे होता. प्रतिपक्षाचा चढाईपटू गुण घेऊन मध्यरेषेकडे परतत होता. त्याची पाठ आमच्या मुलांकडे होती. नातवाने मागून झेप घेतली आणि कमरेला घालावयाची मिठी त्या मुलाच्या गळ्याला पडली. तो खाली कोसळला, गळा धरून खोकू लागला. सरपंचांनी, म्हणजे कबड्डीतील मुख्य पंचांनी, शिट्टी वाजविली, चढाईपटूला नाबाद ठरविले आणि नातवाला पिवळे कार्ड दाखविले. दोन मिनिटे मैदानाबाहेर! सातांच्या जागी सहा जण उरले आणि अखेरीस आमचा संघ एका गुणाने हरला.

ती दोन मिनिटे चालू असतानाच मी खुर्चीवरून उठून थेट पंचांच्या टेबलाशी गेलो. "मुलाने मुद्दाम केलेले नाही," एवढे सांगून थांबावयास हवे होते. परंतु मी पुढे म्हणालो, "आणि चषक आमच्याच पेढीचा आहे." सरपंच वयाने माझ्याहून पुष्कळ लहान. आवाज न चढविता ते उत्तरले, "काका, चषक तुमचा, मान्य आहे. पण मान त्या पोराची होती."

मी परत येऊन बसलो. ते वाक्य मात्र अजून माझ्याबरोबर आहे.

कबड्डीतील शिक्षेची रचना मुळात सोपी आहे. हिरवे कार्ड म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटांचे निलंबन आणि लाल म्हणजे त्या सामन्यातून हकालपट्टी. चढाईपटूचे तोंड दाबणे, गळा आवळणे, पायांची कैची घालणे या गोष्टी नियमाने निषिद्ध आहेत. त्यामागील कारण उघड आहे. चढाईपटूला एका दमात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत राहावयाचे असते. त्याचा गळा म्हणजेच त्याचा श्वास. सात जणांच्या अंगणात एकटा शिरलेला हा खेळाडू पाठमोरा होतो, तेव्हा तो स्वतःचा बचाव करण्याच्या स्थितीत नसतो. अशा वेळी त्याचे रक्षण नियमानेच करावयाचे असते.

हाच प्रश्न सातासमुद्रापलीकडे किती गांभीर्याने हाताळला जातो, हे मला अमेरिकेत कन्येच्या घरी राहत असताना कळले होते. जावईबापूंबरोबर दूरचित्रवाणीवर तेथील महाविद्यालयीन फुटबॉलचा सामना पाहत होतो. तो फुटबॉल आपल्या फुटबॉलपेक्षा वेगळा. शिरस्त्राण घालून, चेंडू हातात घेऊन, एकमेकांना धडका देत खेळावयाचा. 1905 साली त्या खेळात इतके तरुण दगावले, की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मोठ्या महाविद्यालयांच्या प्रतिनिधींना बोलावून घ्यावे लागले. पुढच्याच वर्षी जी नियामक संस्था स्थापन झाली, तिलाच आज 'एनसीएए' म्हणतात.

शिरस्त्राणाच्या माथ्याने कोणालाही जोराची धडक देणे, अथवा बेसावध, असाहाय्य स्थितीतील खेळाडूच्या डोक्यावर किंवा मानेवर आघात करणे, याला तेथे 'टार्गेटिंग' म्हणतात. 2008 साली या संस्थेने त्याविरुद्ध नियम केला. प्रारंभी शिक्षा होती ती संघाला पंधरा यार्डांचा तोटा, एवढीच. परंतु डोक्यावरील आघातांचे मेंदूवर होणारे परिणाम जसजसे स्पष्ट होऊ लागले, तसतशी ही शिक्षा अपुरी वाटू लागली. 2013 पासून दोषी खेळाडूला सामन्याबाहेर काढण्याचा नियम आला. गुन्हा उत्तरार्धात घडला, तर पुढील सामन्याच्या पूर्वार्धातही त्याला बसून राहावे लागणार होते. शिक्षा एवढी कडक, म्हणून निर्णय चित्रफितीवर पुन्हा तपासून पाहण्याची तरतूदही त्याच वेळी करण्यात आली.

येथे आम्हा बँकवाल्यांना जवळची वाटेल अशी एक गंमत घडली. पहिल्या वर्षी चित्रफीत पाहून हकालपट्टी चुकीची ठरली, तरी पंधरा यार्डांचा दंड तसाच राहत असे! आरोप खोटा, पण दंड कायम. माझ्या नोकरीच्या काळात एका ग्राहकाच्या खात्यातून चुकीने आकार वसूल झाला होता. आकार परत जमा केला गेला. परंतु त्यामुळे शिल्लक कमी झाली म्हणून लागलेला दुसरा दंड परत करावयाचा कोणाला सुचले नाही. ते गृहस्थ तीन महिने खेटे घालीत होते. अमेरिकेतील नियमकर्त्यांनी आपली ही चूक 2014 मध्ये दुरुस्त केली. 2019 पासून असेही ठरले, की गुन्ह्याची सर्व लक्षणे चित्रफितीत दिसली तरच निर्णय कायम. एखादे जरी दिसले नाही, तरी तो रद्द. आणि 2020 पासून बाहेर काढलेल्या खेळाडूला विश्रामगृहात न धाडता आपल्या संघाबरोबर बाकावर बसू देण्यात येऊ लागले. शिक्षा कृत्याची करावयाची. माणसाला वाळीत टाकावयाचे नाही, हा विवेक मला विशेष भावला.

आता माझ्या त्या रात्रीच्या युक्तिवादाकडे वळू. "मुद्दाम केलेले नाही." हे खरेच होते. परंतु तेथील पंच खेळाडूच्या अंतःकरणात डोकावत बसत नाहीत. तो डोके खाली घालून धावला का, उसळी घेऊन वर झेपावला का, अशा देहाच्या खुणा ते तपासतात. पॅरिस ऑलिंपिकमधील 4 ऑगस्ट 2024 चा हॉकी सामना वाचकांना आठवत असेल. ग्रेट ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदास याची काठी प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याला लागली आणि त्याला लाल कार्ड मिळाले. त्यात हेतू नव्हता, असे आपल्याकडे बहुतेकांचे मत होते. दहा जणांनिशी चाळीसहून अधिक मिनिटे झुंजून भारताने 1-1 अशी बरोबरी राखली आणि शूटआउटमध्ये विजय मिळविला. तरीही एका सामन्याची बंदी टळली नाही. जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात रोहिदास नव्हता आणि तो सामना आपण 3-2 असा गमावला. त्या निर्णयाविषयी मतभेद असू शकतात. परंतु डोक्याला लागलेली काठी हेतू विचारून लागत नाही, हे तर मान्य करावेच लागेल. द्वेष नसतानाही प्रमादाने इजा होते, हे आपल्या घरांत लहानपणापासून शिकविले जाते. मैदानावर घरचे मूल दिसले, की नेमके तेच आपण विसरतो.

आणखी एक भेद लक्षात घ्यावयास हवा. अमेरिकेत निर्णय तपासावयास अनेक कॅमेरे आहेत. आपल्या शेतातल्या मैदानावर पंचांची नजर, एवढेच काय ते साधन. तेथे चुका होणारच. परंतु त्या एकट्या माणसाभोवती देणगीदार, नातलग आणि गावकरी गोळा झाले, तर चुका कमी होत नाहीत. फक्त पुढील वेळी त्याचा हात कार्डाकडे जाताना कचरतो. आणि ज्याची मान पकडली जाणार आहे, त्या परक्या मुलाला मग कोणी वाली उरत नाही. उद्या ते मूल आपलेही असू शकेल.

त्या रात्री घरी परतताना आम्ही वडीलधारी माणसे पंचांचे दोष मोजीत होतो. नातू मात्र गप्प होता. मध्येच त्याने विचारले, "आजोबा, त्याला गिळताना दुखत असेल का हो?" दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे त्या मुलाच्या गावी गेलो. मुलगा बरा होता. मानेवर लाल वळ तेवढा राहिला होता. त्याच्या आईने आम्हाला चहा दिला. परतताना मी सरपंचांच्या घरी थांबून त्यांची क्षमा मागितली.

यंदाही चषक आमच्याच पेढीचा राहील. मात्र बंधूंनी आयोजकांना दोन गोष्टी सांगितल्या आहेत. चषकाबरोबर मैदानाशेजारी प्रथमोपचाराची पेटी आणि एक गाडी सामने संपेपर्यंत उभी राहील, त्याचा खर्च पेढी करील. आणि आमच्या घरच्या कोणाचीही खुर्ची पंचांच्या टेबलाजवळ मांडू नये, विशेषतः माझी.