हराम आणि गुन्हा

ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला होता. कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, तेव्हा आमच्या शेतात गांजा लावण्याची परवानगी द्या. उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे समजून १६ सप्टेंबरपासून लागवड सुरू करू, असे त्यात लिहिले होते. पोलिसांनी तो प्रसिद्धीचा खटाटोप ठरवला. वर्तमानपत्रांनी चौकटीत बातमी छापली आणि महाराष्ट्र दोन दिवस हसला. आम्हीही हसलो. मात्र त्या अर्जात विचारलेला प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, हे आम्हाला पुढे आमच्याच एका विद्यार्थ्यामुळे कळले.

तळेगाव दाभाडे म्हणजे एकेकाळी सरसेनापती दाभाड्यांचे गाव आणि पैसा फंडाच्या काच कारखान्याचे गाव. आज ते एमआयडीसीचे गाव आहे. सोमाटणे फाट्यापासून चाकण रस्त्यापर्यंत तीन पाळ्यांत माणसे आत-बाहेर करतात. त्यातली बरीचशी कंत्राटी असतात, सात-आठ महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळणारी. रात्रपाळी संपवून आलेल्या पोराला सकाळी सहाला झोप येत नाही, आणि ती आणून देणारी पुडी टपरीच्या मागे मिळते. उर्दू शाळेतून दहावी झालेली आमची मुले याच गर्दीत आहेत. ती मुले गांजा ओढत नाहीत असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा रात्री रेल्वे स्टेशनच्या पलीकडे फेरी मारून यावे.

गेल्या वर्षी एका जुम्यानंतर मशिदीच्या ओट्यावर हा विषय निघाला. कुणीतरी म्हणाले की हिमाचल प्रदेशच्या विधानसभेने २०२४ मध्ये औषधी आणि औद्योगिक वापरासाठी भांगेच्या शेतीचा ठराव केला. उद्या महाराष्ट्रही करील, परवा दुकानात विकेल. आमच्या जमातीतले एक बुजुर्ग चचा ताडकन म्हणाले, “मास्टर, हराम है तो है. इसमें बहस कायकू?” सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्ही गप्प बसलो, कारण चचांचा मान आहे. तेव्हा जे बोललो नाही ते इथे लिहितो.

हराम आहे, हे कबूल. पण बहस तिथे संपत नाही, तिथून सुरू होते. व्याज हराम आहे. गृहकर्ज घेतलेल्या शेजाऱ्याला पोलिसांनी धरून न्यावे असे चचा म्हणत नाहीत. जुगार हराम आहे आणि महाराष्ट्र शासन स्वतः लॉटरी चालवते. पाठीमागे निंदा करणे हराम आहे. त्याला कैद ठेवली तर आमच्या मोहल्ल्यात अजान द्यायलाही कुणी उरायचे नाही. एखादी गोष्ट पाप आहे की नाही हा एक प्रश्न, आणि तिच्यासाठी राज्यसत्तेने माणसाला कोठडीत घालावे की नाही हा दुसरा. हे शहाणपण आम्ही इंग्रजी पुस्तकांतून उचललेले नाही. तेराव्या-चौदाव्या शतकात कैरो आणि दमास्कसमध्ये हशीशवर आपल्या फकीहांची मोठी चर्चा झाली. इब्न तैमिय्यांनी तिला दारूच्या पंक्तीत बसवले आणि दारूचीच ठरीव सजा, म्हणजे हद्द, सांगितली. त्यांच्या आधीच्या पिढीतले मालिकी विद्वान अल-करफी यांनी ती अक्कल बिघडवणारी म्हणून नाजायज ठरवली, पण तिला हद्द लागत नाही, ताझीर लागते, म्हणजे काझीने माणूस पाहून सुधारणेपुरती सजा द्यावी, असे मत दिले. हलाल दोघांपैकी कुणीच म्हटले नाही. वाद सजेचा होता. सातशे वर्षांपूर्वी जो भेद आपल्या उलेमांना करता येत होता तो आज आपल्याला ओट्यावर बसून करता येऊ नये? खुद्द दारूची बंदीसुद्धा एका रात्रीत आली नाही. आधी तिच्यात फायद्यापेक्षा नुकसान जास्त असल्याचे सांगितले गेले, मग नशेत नमाजजवळ जाऊ नका असे, आणि मग पूर्ण मनाई झाली. माणसाची आदत काय चीज आहे हे बनवणाऱ्याला ठाऊक होते.

आता आमच्या विद्यार्थ्याबद्दल. दहावीनंतर त्याने आयटीआय केले, फिटर झाला, एका कारखान्यात कंत्राटावर लागला. एका रात्री चार मित्र मोकळ्या प्लॉटवर बसले असताना पोलिसांची गाडी आली. पुडी निघाली, वीसेक ग्रॅमची. चौघांपैकी एकाच्या मामाचा फोन आला आणि तो घरी गेला. दुसऱ्याचे वडील कुणाला तरी ओळखत होते. आमचा पोरगा आणि त्याच्यासोबतचा बिहारी मुलगा उरले. कोणते ठाणे, कोण साहेब, हे लिहून उपयोग नाही. अकरा दिवस तो आत होता. वकिलाने सांगितले, गुन्हा कबूल कर, दंड भर, सुटशील. त्याने भरला आणि सुटला. पुढच्या कंत्राटाच्या वेळी कंपनीने चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला, त्यात गुन्ह्याची नोंद आली. फिटरची नोकरी गेली, ठरलेली मंगनी मोडली. त्याची आई शाळेत येऊन म्हणाली, “सर, आप लिख के दो ना, बच्चा अच्छा था.” आम्ही लिहून दिले. शाळेच्या लेटरहेडला एमआयडीसीच्या गेटवर काय किंमत असते, ते खालांना आम्ही सांगितले नाही.

हा कायदा काय म्हणतो ते आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा १९८५ चा, एनडीपीएस नावाने ओळखला जाणारा. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे किंवा फळधारी शेंडे. त्यांच्याशिवायची नुसती पाने आणि बिया या व्याख्येबाहेर, म्हणून भांग केंद्राच्या कायद्यातून सुटते. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे, पण होळीच्या ठंडाईवर छापे पडल्याचे आम्ही तरी पाहिले नाही. एकाच झाडाचे पान सणाला चालते आणि शेंडा तुरुंगात नेतो. एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ मानला जातो. त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोपासून पुढे व्यापारी प्रमाण, तिथे किमान दहा वर्षे. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र असल्याचे म्हटले. म्हणजे वीस ग्रॅमवाल्यालाही जामीन हक्काने मिळत नाही, न्यायालयाच्या मर्जीवर मिळतो, आणि त्या मर्जीपर्यंत पोचायला वकील लागतो.

वकील असला तर काय होते तेही आपण पाहिले. ३ ऑक्टोबर २०२१ रोजी शाहरुख खान यांच्या मुलाला, आर्यनला, मुंबईच्या क्रूझ प्रकरणात अटक झाली. त्याच्याजवळ काही सापडले नव्हते. मुकुल रोहतगींसारखे वकील उभे राहूनही उच्च न्यायालयाचा जामीन यायला २८ ऑक्टोबर उजाडला. मे २०२२ मध्ये एनसीबीनेच पुरेशा पुराव्याअभावी त्याचे नाव आरोपपत्रात घातले नाही. त्या दिवसांत आमच्या मोहल्ल्यात प्रत्येक घरात त्याच्यासाठी दुआ मागितली जात होती. आमच्या फिटरसाठी कुणी हात उचलले नाहीत. तो ‘चरसी’ होता ना!

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान साडेअकरा टक्के होते. राज्याच्या तुरुंगांतला आपला वाटा त्याहून किती जास्त आहे हे सच्चर समितीच्या काळापासून बोलले जाते. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने २०२० मध्ये मुंबईतल्या या कायद्याखालच्या खटल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पकडले जाणारे बहुतेक स्वतः ओढणारे, आणि त्यातही बरेचसे झोपडपट्टीतले आणि रस्त्यावरचे, असे त्यात दिसले. कोरेगाव पार्कातल्या बंगल्यात धूर निघत नाही असे थोडेच आहे? पण तिथे मोकळा प्लॉट नसतो, दाराला वॉचमन असतो.

म्हणून काय गांजाची दुकाने उघडावीत? इथे आम्ही आमच्या दुसऱ्या बाजूच्या मित्रांशी भांडतो. ते इंग्रजी शिकलेले, बहुधा पुण्याचे. ते आम्हाला १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनचा दाखला देतात, की इंग्रजांनीच हजाराहून जास्त साक्षी घेऊन सांगितले, माफक सेवनाने खास नुकसान नाही. बरोबर आहे. त्याच कमिशनने बंदीऐवजी परवाना आणि कर सुचवला, हेही वाचावे. तेव्हा आपल्या नगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरात, परवान्याने गांजा पिकत होता आणि त्याचा महसूल सरकारी तिजोरीत जात होता. जे सरकार रयतेच्या अफूवर श्रीमंत झाले त्याच्या कमिशनला गांजा निरुपद्रवी वाटला, यात आम्हाला नवल वाटत नाही.

मग ते कोलोराडो सांगतात, कॅनडा सांगतात. थायलंड कुणी सांगत नाही. तिथे जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, गल्लोगल्ली दुकाने झाली, आणि जून २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणावा लागला. ‘महसूल मिळेल’ हे तर फारच पोकळ. महसूल काय करतो ते दारूने दाखवले आहे. जानेवारी २०२२ मध्ये आपल्याच राज्याच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायचा निर्णय घेतला होता, आणि कारण शेतकऱ्यांचे भले असे सांगितले होते. ज्या तिजोरीला चव लागते ती ‘कमी प्या’ कशी म्हणेल? सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या २०१९ च्या पाहणीत भांग-गांजा-चरस घेणारे सुमारे तीन कोटी निघाले आणि दारू पिणारे सोळा कोटी. परवाना असलेली नशा आणि नसलेली नशा यांतला फरक या दोन आकड्यांत काही प्रमाणात तरी आहे. आणि आम्ही वर्गात उभे राहतो. पंधरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर गांजा काय करतो, तो फळ्याकडे बघतो आणि फळा त्याला दिसत नाही, हे आम्हाला अहवालातून वाचावे लागत नाही.

मात्र नुसत्या बंदीने भागते असे म्हणणाऱ्यांनी गुटखा आठवावा. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे. तळेगावातल्या कुठल्याही टपरीसमोरची जमीन पाहा. आणि गांजावर पाळत असताना आमच्या शेजारी काय शिजत होते? ऑक्टोबर २०२० मध्ये चाकणला वीस किलो मेफेड्रोन पकडले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत त्याचा कारखानाच निघाला, शेकडो किलोंचा. चाकणच्याच प्रकरणातला आरोपी ललित पाटील ऑक्टोबर २०२३ मध्ये ससून रुग्णालयातून पळाला होता. एवढा माल मोकळ्या प्लॉटवर बसलेल्या चार पोरांनी बनवला नाही. पोलिसाचा एक तास वीस ग्रॅमच्या पंचनाम्यात गेला की तो तास तिकडे जात नाही.

आम्हाला काय हवे? दुकान नको, जाहिरात नको, महसूल नको. पण ओढणारा आणि विकणारा यांत कायद्याने रेघ ओढावी. पोर्तुगालने २००१ मध्ये ती ओढली. तिथे अल्प साठा बाळगणे बेकायदाच आहे, पण तो फौजदारी गुन्हा नाही. माणूस न्यायालयाऐवजी एका छोट्या समितीपुढे जातो, तिथे कायद्याचा जाणकार, डॉक्टर, समाजसेवक असे लोक बसतात. करफींची ताझीर याहून फार वेगळी नसावी. इथेही पहिल्या वेळेची नोंद चारित्र्याच्या दाखल्यात येऊ नये, एवढे राज्याने केले तरी आमच्या फिटरसारखी शंभर पोरे कारखान्यात राहतील.

थोडे आपल्याही घरात पाहू. दर्ग्याच्या तकियात मलंगांची चिलीम पेटते तेव्हा आपण तिला ‘फकिरी’ म्हणतो आणि नजर खाली घालून पुढे जातो. कुंभमेळ्यातल्या साधूच्या चिलमीवर मात्र व्याख्यान देतो. आमच्या चचांनीही तकियाबद्दल आजवर अवाक्षर काढलेले नाही. मुलगा सापडला की त्याच्या घरचे जनाज्यालासुद्धा गुपचूप येतात, इतका आपला राग कडक. हाच राग गुटख्याच्या ठोक विक्रेत्यावर का नाही? तो पहिल्या सफेत असतो आणि मदरशाला चंदा देतो, म्हणून?

आणि एक गोष्ट जी आमच्या फिटरला कुणी सांगितली नाही, वकिलानेही नाही. याच कायद्यात कलम ६४ अ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला तयार झाला आणि त्याने ते पूर्ण केले, तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. त्या कलमाचा आम्ही सोप्या उर्दूत तर्जुमा केला आहे, एका पानाचा. तो मशिदीच्या नोटीस बोर्डावर, नमाजच्या वेळांच्या शेजारी लावू द्या, असे चचांना विचारले आहे. त्यांनी कागद वाचून खिशात ठेवला. अजून हो म्हटलेले नाही.