कुलूपबंद कपाट आणि होम्सचे नाव

१/ इंग्रजी रहस्यकथांनी आपल्याला एक विश्वास दिला आहे: खून झाला की चतुर डिटेक्टिव्ह येतो, धागे जुळवतो आणि सत्य उजेडात आणतो. पण तपासयंत्रणेलाच कीड लागली असेल तर? त्याचे उत्तर लंडनच्या डॅनियल मॉर्गन खूनप्रकरणात आहे.

२/ १० मार्च १९८७. आग्नेय लंडनमधील सिडनम येथे ‘गोल्डन लायन’ पबच्या वाहनतळावर मॉर्गन यांचा मृतदेह सापडला. डोक्यावर कुऱ्हाडीचे घाव. वय ३७, व्यवसाय खासगी गुप्तहेराचा.

३/ घटनास्थळाची ना नीट झडती झाली, ना तेथे पहारा बसला. पहिल्या तपासपथकातील एक अधिकारी मॉर्गन यांच्या व्यावसायिक भागीदाराचा मित्र होता. पुढे पोलीस खाते सोडून तो त्याच संस्थेत मॉर्गन यांच्या जागी आला. एवढ्यावरून कोणी खुनी ठरत नाही. परंतु तो तपास निःपक्षपाती होता असेही म्हणवत नाही.

४/ त्यानंतर तपासामागून तपास झाले. २०११ मध्ये खटलाही कोसळला. या खुनासाठी आजवर एकालाही शिक्षा झालेली नाही. प्रकरण जिवंत राहिले ते बंधू अलिस्टर मॉर्गन आणि कुटुंबीयांच्या चिकाटीमुळे.

५/ २०१३ मध्ये गृहमंत्री थेरेसा मे यांनी स्वतंत्र समिती नेमली. अपेक्षा वर्षभराची होती. लागली आठ वर्षे. गंभीर गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या पोलिसांच्या संगणकप्रणालीत पुरेसा प्रवेश मिळावा म्हणून समितीला वर्षानुवर्षे झगडावे लागले. त्या प्रणालीचे नाव ‘होम्स’!

६/ नुआला ओ’लोन यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने जून २०२१ मध्ये लंडन पोलिसांवर ‘संस्थात्मक भ्रष्टाचारा’चा ठपका ठेवला. प्रतिमा जपण्यासाठी स्वतःच्या चुका दडवणे, हाही भ्रष्टाचारच, असे तिचे म्हणणे.

७/ हा शब्द अतिरेकी आहे, असा आक्षेप पोलिसांनी घेतला. मला तो पटत नाही. लाच घेणारा माणूस एक पुरावा विकतो. प्रतिमा जपणारी संस्था सगळ्याच पुराव्यांवर कुलूप घालते. आणि हे केवळ अलंकारिक विधान नव्हे: २०२३ मध्ये प्रकरणाची काही कागदपत्रे स्कॉटलंड यार्डच्या मुख्यालयात एका कुलूपबंद कपाटात सापडली. त्याच वर्षी पोलिसांनी दायित्व मान्य केले आणि कुटुंबीयांची माफी मागितली. घटनेला ३६ वर्षे लोटली होती.

८/ इतिहासाच्या अभ्यासकांसाठी यात मोठा धडा आहे. सरकारी दप्तर हे आपले लाडके साधन. परंतु पोलिसांची फाइल तटस्थ साक्षीदार नसते, तीही एक पक्षकार असते. तिच्यात काय आहे, याबरोबरच काय नाही आणि ते कोणाच्या सोयीचे, हेही विचारायला हवे.

९/ येथे सत्याचा माग काढला तो कुणा डिटेक्टिव्हने नव्हे, तर भावाने. कपाटाची किल्ली ज्याच्या हाती असते, त्याच्याकडूनच निवाड्याची अपेक्षा धरू नये.