निशाणबरदाराचं चित्र



आमच्या शिबिरात आर्तेमिसिया जेंतिलेस्की या इटालियन चित्रकार स्त्रीवर एक सत्र झालं. होलोफर्नेसचा गळा चिरणारी जुडिथ पडद्यावर आली आणि टाळ्या पडल्या. पुढचं चित्र आलं एका योद्ध्याचं. सगळ्या गप्प. मागून कुणीतरी विचारलं, "यात बाई कुठंय?"

प्रश्न माझ्याही मनात आला होता, म्हणून लिहिते आहे.

आर्तेमिसियाची हकीगत आपल्याला तोंडपाठ असते. जन्म १५९३, रोम. चित्रकला शिकली बापाकडे. १६११ मध्ये बापाच्याच सोबतीच्या अगोस्तिनो तास्सी या चित्रकाराने तिच्यावर बलात्कार केला. पुढच्या वर्षी खटला चालला. सुइणींनी तिचं शरीर तपासलं. ती खरं बोलते का हे पाहायला बोटांना दोऱ्या बांधून आवळल्या. चित्रकाराची बोटं! तरी ती जबानीवरून हटली नाही. तास्सी दोषी ठरला, पण शिक्षा जवळजवळ कागदावरच राहिली. (शरीर तपासून बाईचा खरेपणा ठरवायची खोड आपल्याकडेही आहे. 'दोन बोटांची चाचणी' करू नका, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१३ मध्ये सांगावं लागलं आणि २०२२ मध्ये पुन्हा सांगावं लागलं.)

त्या खटल्यानंतर दहा वर्षांनी, १६२२ मध्ये, तिने रोममध्ये हा निशाणबरदार रंगवला. आज तो बोलोन्याच्या पालाझ्झो द'आकुर्सिओतल्या संग्रहालयात आहे. पुरा उभा, माणसाएवढा. अंगात चिलखत, शेजारच्या टेबलावर तुऱ्याचं शिरस्त्राण. पोलादावरचा उजेड असा, की बोट लावलं तर गार लागेल. तोवर ती फ्लोरेन्सच्या कला अकादमीची पहिली स्त्री सदस्य झाली होती, १६१६ मध्ये. हा योद्धा कोण, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. कॅनव्हासच्या मागे सही मात्र स्पष्ट आहे: आर्तेमिसियाची.

यात सूड नाही, जखम नाही. एका कसबी बाईने केलेलं काम आहे. आपण गप्प बसलो ते म्हणूनच का? तिच्या प्रत्येक चित्रात आपल्याला तास्सी शोधायचा असतो. जुडिथ रंगवताना तो तिच्या मनात नव्हता असं मी म्हणणार नाही. पण चिलखतावरचा उजेड रंगवायलाही मन लागतंच.

आमच्या सल्ला केंद्रात आम्ही सहज म्हणतो, "ती मारहाणीची केस आली का?" ती केस पापड लाटून तीन पोरं शिकवते, हे मला दोन वर्षांनी कळलं. तेही तिनेच सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

आता आम्ही नोंदीच्या फॉर्मवर नावाखाली पहिला रकाना 'काय काम करता?' असा केला आहे, तक्रार त्यानंतर. काही कार्यकर्त्यांना हे पटलेलं नाही. रडत आलेल्या बाईला आधी कामाचं काय विचारायचं, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. तुमच्या केंद्रात सुरुवात कशी करता, जरूर कळवा. पत्रं पुढच्या अंकात छापू.