मोबाइल कुणाच्या खिशात?

आमच्या मोहल्ल्यातल्या कुठल्याही घरात जा, मोबाइल आहेच. पण तो असतो कुणाच्या खिशात? अब्बांच्या, नाही तर भाईजानच्या. आखातातून फोन आला की तो अम्मीच्या हाती येतो. मुलीला अभ्यासासाठी मिळालाच, तर शेजारी भाऊ पहाऱ्याला!

हा रोग आमच्या एकट्या समाजाचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कधी ना कधी इंटरनेट वापरलेले पुरुष ५७ टक्के निघाले, स्त्रिया ३३ टक्के. पण देशाला ताप आहे म्हणून आपल्या घरातल्या तापाकडे डोळेझाक करायची काय?

आम्ही म्हणतो, मुली बिघडतील. मग व्हॉट्सअॅपवर तलाक धाडणारे हात कुणाचे होते? २०१९च्या कायद्यात तोंडी आणि लेखी तलाकच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक तलाकचाही उल्लेख करावा लागला. बाईला घराबाहेर काढायला मोबाइल चालतो. त्याच बाईला वकिलाचा नंबर शोधायचा असला की मात्र तो फितना ठरतो!

भय खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ रोजी 'बुल्ली बाई' या अॅपवर मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे टाकून त्यांचा 'लिलाव' मांडला गेला. पत्रकार, कार्यकर्त्या, जाहीरपणे बोलणाऱ्या स्त्रिया निवडून काढल्या होत्या. बोलणारी मुसलमान बाई गप्प बसावी, हाच त्यामागचा डाव. त्या बसल्या नाहीत. पोलिसांत गेल्या, आणि अटका झाल्या. आम्ही मात्र घाबरून मुलीचा फोन काढून घेतो आणि लिलाव मांडणाऱ्यांचे उरलेले काम पुरे करतो.

सरकारही कमी नाही. लाडक्या बहिणींना सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. ओटीपी स्वतःच्या आधारवर, शिवाय पतीच्या किंवा वडिलांच्या आधारवरही. विधवेने, तलाकपीडितेने तो कुणाकडे मागायचा? ओरड झाल्यावर सरकारला त्यांच्यासाठी वेगळी वाट काढावी लागली. महिना दीड हजार बाईच्या नावचे, पण कुलपाची किल्ली पुरुषाच्या मोबाइलमध्ये!

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेल्या. त्यांच्या मागण्या अजून पुरत्या पदरी पडलेल्या नाहीत. आणि आज त्यांच्या नातींना साधा अर्ज भरायलाही भावाची इजाजत लागावी?

मेळावे, ठराव पुष्कळ झाले. आता प्रत्येकाने आपल्या घरापासून सुरुवात करावी. बहिणीच्या नावाचे सिमकार्ड, तिचा स्वतःचा मोबाइल आणि तिलाच ठाऊक असलेला पासवर्ड. एवढेही जमणार नसेल, तर व्यासपीठावरून 'इक्रा'चा अर्थ सांगण्याचा हक्क आम्हाला नाही.