तिसरी प्रत गावाला जाऊ द्या

२७ जून २०१७ रोजी न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे संगणक बंद पडले आणि कंटेनरची ये-जा रखडली. हे टर्मिनल मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहाकडून चालवले जाते. त्या दिवशी मर्स्कच्या जगभरातल्या कचेऱ्यांमध्ये संगणकांचे पडदे एकामागून एक काळे पडत होते. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून शिरलेला ‘नॉटपेट्या’ खंडणी मागण्याचे सोंग करत होता. प्रत्यक्षात तो माहिती कायमची नासवत होता. कामोठ्यापासून ते बंदर रस्त्याने फार तर तासाभराच्या अंतरावर असेल.

या घटनेचा पुढचा भाग घरी सर्व्हर बाळगणाऱ्या प्रत्येकाने ऐकण्यासारखा आहे. कंपनीत कोणाला कुठल्या यंत्रात प्रवेश, याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर पसरलेले होते आणि प्रत्येक सर्व्हर ही दुसऱ्याची प्रत होती. एक बिघडला तर दुसरा आहेच, अशी ती योजना. सगळे एकदम जातील, हे कोणी धरलेच नव्हते. ते सगळे एकदम गेले. वाचला तो एकच, आफ्रिकेतल्या घानामधला. आणि तोही कोणाच्या हुशारीने नव्हे. हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती, त्यामुळे तो जाळ्यातून सुटलेला होता. तिथले इंटरनेट इतके मंद, की त्यावरून ती नोंद इंग्लंडला पाठवायला कित्येक दिवस लागले असते. घानातल्या कर्मचाऱ्याकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. म्हणून तो विमानाने नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर डिस्क दुसऱ्या सहकाऱ्याच्या हाती दिली आणि त्याने ती लंडनला नेली. या प्रकारात कंपनीचे नुकसान झाले २५ ते ३० कोटी डॉलरचे. कंपनी पुन्हा उभी राहिली ती एका माणसाच्या पिशवीतून गेलेल्या डिस्कवर.

आता कामोठ्यात येऊ. सायन-पनवेल महामार्गाला लागून सिडकोने वसवलेला हा नोड, मानसरोवर आणि खांदेश्वर ही जवळची स्टेशने, आणि सेक्टरा-सेक्टरांतून दोन खोल्यांचे फ्लॅट. अशा एखाद्या फ्लॅटच्या कोपऱ्यात हल्ली एक छोटी प्रयोगशाळा थाटलेली दिसते. २७ इंची मॉनिटर, तीन-चार अँटेना वर केलेला राउटर, आणि शूज ठेवायच्या कपाटाच्या वरच्या फळीवर गुरगुरणारा चार डिस्कचा डबा. त्याला हौशी मंडळी ‘नॅस’ म्हणतात. म्हणजे घरातल्या सगळ्यांना वापरता येईल असा साठवणीचा सर्व्हर. ऑफिस आयटीतले असो वा बँकेतले, शनिवार-रविवार या डब्यात जातो. घरचे कंटाळतात, पण हा छंद वाईट नाही. दर महिन्याला परदेशी कंपनीला भाडे भरून तिच्या ‘क्लाऊड’वर फोटो ठेवण्यापेक्षा ते स्वतःच्या घरात असावेत, हा विचार स्वागतार्हच आहे.

अडचण आहे ती खर्चाच्या क्रमाची. सगळ्यात जास्त पैसे मॉनिटरवर जातात, मग राउटरवर, मग डब्यावर; आणि दुसऱ्या प्रतीसाठी पैसे उरत नाहीत. ‘चार डिस्क आहेत ना, एक गेली तरी बाकीच्या तीन आहेत,’ हे उत्तर प्रत्येक हौशाच्या तोंडी असते. हेच मर्स्कचे उत्तर होते.

अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधून एक भरवशाची मोठी डिस्क करायची, ही कल्पना बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८च्या निबंधात मांडली. तीच आजची ‘रेड’ पद्धत. एखादी डिस्क मेली तरी काम थांबू नये, एवढ्यासाठी ती आहे. घरातल्या कोणी चुकून फोल्डर पुसला, तर तो चारही डिस्कवरून त्याच क्षणी पुसला जातो. विजेचा झटका आला, तर चारही डिस्क त्याच पट्टीला जोडलेल्या असतात. चोर आला तर तो डिस्क सुट्या करत बसत नाही, डबाच उचलतो. जानेवारी २०२२मध्ये ‘डेडबोल्ट’ नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगभरातले क्यूनॅप कंपनीचे असे हजारो घरगुती डबे कुलूपबंद केले आणि प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. बाहेरून घरचे फोटो पाहता यावेत म्हणून ज्यांनी आपला डबा थेट इंटरनेटवर उघडा ठेवला होता, त्यांची त्यात गाठ पडली. त्यांच्याही डिस्क चार-चार होत्या.

डिस्क मरण्याआधी सूचना देते, हाही एक लाडका समज. गुगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते आणि त्यात काही विशिष्ट चुका दिसू लागल्या की ती लवकर जाण्याची शक्यता खूप वाढते. वाचनातली पहिली चूक सापडल्यानंतरच्या ६० दिवसांत तर ३९ पटींनी. पण त्याच अभ्यासात असेही दिसले, की मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कच्या नोंदीत या मुख्य सूचनांपैकी एकही उमटली नव्हती. माणसांच्या हृदयविकाराबद्दल डॉक्टर जे सांगतात, त्यासारखेच हे. आदल्या दिवशीचा अहवाल स्वच्छ होता, याला फारसा अर्थ नसतो. गंमत म्हणजे, ज्या तापमानासाठी हौशी लोक जादा पंखे बसवतात, त्याचा डिस्कच्या मरणाशी संबंध या अभ्यासात अपेक्षेपेक्षा बराच कमी निघाला.

जाऊ दे की चार फोटो, असे कोणी म्हणेल. पण त्या डब्यात फक्त माथेरानचे फोटो नसतात. गेलेल्या आजोबांचा आवाज असतो. आणि आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे म्हणजे घरच्यांचे जुने वैद्यकीय अहवाल असतात. कामोठ्यातच एमजीएमचे मोठे रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. पनवेल-खारघर पट्ट्यात इतरही अनेक. स्कॅन झाला की फिल्म किंवा सीडी हातात मिळते. फिल्म दमट हवेत चिकटते आणि सीडी वाचायला नव्या लॅपटॉपमध्ये जागाच उरलेली नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे सांभाळणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि रुग्णाने मागितली तर ७२ तासांत दिली पाहिजेत. तीन वर्षांनंतर काय? फुप्फुसावरचा डाग नवा आहे की दहा वर्षांपूर्वीपासून तेवढाच आहे, हे जुना स्कॅन शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. तो नसेल तर कधी कधी सुई घालून तुकडा काढावा लागतो. तेव्हा आईचा जुना सीटी स्कॅन नीट सांभाळून ठेवणारा मुलगा, तो कितीही विक्षिप्त वाटला तरी, घराच्या आरोग्याचे काम करत असतो. म्हणूनच त्याने ते अर्धवट करू नये.

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१चा नियम यासाठी पुरेसा आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. कामोठ्याच्या रहिवाशाला घराबाहेरची जागा शोधायला लांब जावे लागत नाही. इथली कितीतरी कुटुंबे सातारा, सांगली, कोल्हापूर किंवा कोकणातून आलेली, गावाकडे घर असलेली. ज्या कपाटात सातबारा आणि जुनी दागिन्यांची डबी असते, तिथे एक साधी डिस्क सहज मावते. तिच्यातला मजकूर मात्र कुलूपबंद हवा, आणि त्याचा पासवर्ड एकट्या हौशाच्या डोक्यात असून चालणार नाही. तो बायकोला, निदान एका भावंडाला ठाऊक असावा. पासवर्ड माणसाबरोबर गेला, तर डिस्क शाबूत असून उपयोग नाही.

आणखी एक काम फार थोडे लोक करतात. प्रत घेतली, पण ती उघडते का? ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीतल्या एका अभियंत्याने दमलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरचा माहितीसाठा पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. त्यातली एकही विश्वासाने चालत नव्हती, हे त्या रात्री कळले. सुदैवाने सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली आणि नुकसान तेवढ्यावर भागले. हे ज्यांचा धंदाच हा, त्यांचे. घरी वर्षातून एकदा तरी दहा फाइली निवडून दुसऱ्याच लॅपटॉपवर उघडून पाहाव्यात. रविवारचा एक तास जातो.

विजेचे गणितही सांगायला हवे. पनवेलजवळ २०२० साली सुरू झालेले योट्टाचे माहिती केंद्र, किंवा ऐरोली-महापे पट्ट्यातली अशी केंद्रे, दुहेरी वीजपुरवठा आणि डिझेल जनित्रांच्या रांगा बाळगून असतात. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज सकाळी एकदम गेली, तेव्हा त्यांचे काम त्यामुळेच भागले. घरच्या डब्याला छोटा यूपीएस पुरतो; पण वीज गेल्यावर डब्याने स्वतःहून नीट बंद व्हावे, अशी त्यांची जोडणी केलेली हवी. ती तार बहुतेक ठिकाणी खोक्यातच राहते. यूपीएसची बॅटरी उकाड्यात दोन-तीन वर्षांत मरते, आणि अर्थिंग नसलेल्या बोर्डावर महागडी पट्टीही शोभेची. ४० वॉटचा डबा चोवीस तास चालला तर महिन्याला सुमारे २९ युनिट खातो. घरच्यांना हे आधीच सांगितलेले बरे.

वाय-फायवर मात्र उगाच भांडणे होतात. घरातल्या ज्येष्ठांना राउटरच्या लहरींची भीती वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११मध्ये रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकले, हे खरे. ती नोंद मुख्यतः कानाला लावून वापरायच्या मोबाइलच्या अभ्यासांवरून, आणि तीही मर्यादित पुराव्यावर झाली. राउटरची ताकद साधारण वॉटच्या दहाव्या भागाच्या आसपास, आणि अंतर वाढले की ती झपाट्याने घटते. तरीही आजी रात्री राउटर बंद करत असतील तर वाद घालू नये; फक्त प्रत काढायची वेळ रात्री दोनची ठेवलेली असेल, तर ती दुपारी करावी. कित्येक घरांत महिनोन् महिने बॅकअप झालेला नसतो, त्याचे कारण एवढेच असते.

दुसऱ्या खोलीत वाय-फाय पोहोचत नाही, यावरही नवा राउटर हे उत्तर नाही. नव्या इमारतींतल्या भिंती सळया घातलेल्या काँक्रीटच्या असतात, आणि ५ गिगाहर्ट्झची लहर त्यातून जाताना दमते, २.४ची थोडी पुढे जाते, पण मायक्रोवेव्ह ओव्हन चालू झाला की अडखळते. खरा उपाय म्हणजे भिंतीच्या कडेने नेलेली तार. चांगल्या तारेवरून एक टेराबाइटची प्रत अडीच तासांत होते. वाय-फायवर तिलाच दहा-बारा तास लागू शकतात. तार घेताना ती पूर्ण तांब्याची आहे, हे लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराला विचारून घ्यावे. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त मिळते आणि पुढे त्रास देते.

राहिला मॉनिटर. त्याच्याबरोबर चष्म्याच्या दुकानात ‘ब्लू कट’ भिंगे खपतात. ऑगस्ट २०२३मध्ये कॉक्रेन संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला. पडद्यासमोर काम केल्याने डोळ्यांना येणारा थकवा या भिंगांनी बहुधा कमी होत नाही, असे त्यात आढळले. डोळे चुरचुरतात ते निळ्या प्रकाशापेक्षा पापण्या न लवल्याने. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा लवणारी पापणी पडद्यासमोर निम्म्याहून कमी वेळा लवते, वर एसीचा झोत. दर वीस मिनिटांनी वीसेक सेकंद खिडकीबाहेर दूर पाहणे फुकट आहे. काही मॉनिटर उजेड कमी करण्यासाठी दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात; काहींचे डोके त्याने दुखते. मोबाइलचा कॅमेरा पडद्यासमोर धरला आणि त्यात पट्टे सरकताना दिसले, तर असा संशय घ्यायला जागा आहे. चाळिशीनंतर प्रोग्रेसिव्ह चष्मा लागलेल्या माणसाने मोठा पडदा उंच ठेवला, की भिंगाच्या खालच्या भागातून पाहण्यासाठी हनुवटी वर जाते आणि संध्याकाळी मान धरते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाण्याआधी मॉनिटर चार बोटे खाली घेऊन पाहावा.

त्या पडद्यापुढे शाळकरी मूल बसत असेल, तर प्रश्न वेगळा. चीनमधल्या ग्वांगझू शहरात सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा बाहेर काढले. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली; बाकीच्या शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. भारी पडद्याने हे साधत नाही. सेक्टरातल्या मैदानावर संध्याकाळी साडेपाचला मुलाला सोडले, तर काही अंशी साधते.

मग हौशाने करायचे काय? पुढचा मॉनिटर सहा महिने लांबणीवर टाकायचा आणि त्या पैशांत दोन साध्या डिस्क घ्यायच्या. एक घरात, एक गावाला. गणपतीला निघताना घरातली ताजी प्रत पिशवीत, कपड्यांच्या मध्ये गुंडाळून. गावची जुनी उचलून शिमग्यापर्यंत कामोठ्यात. शिमग्याला पुन्हा अदलाबदल. एसटीत पिशवी वरच्या फळीवर न ठेवता मांडीवर घ्यावी, आणि पोहोचल्या पोहोचल्या, आंघोळीआधी, ती एकदा लॅपटॉपला जोडून उघडते का ते पाहावे.